वैमानिक व्हायचंय? आधी हिशेब मांडा!

बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून आता एक नवा प्रश्न ऐकू येतो. आपल्या बापजाद्यांच्या पिढीत पोरगा शिकला की तो मास्तर व्हावा, तलाठी व्हावा, रेल्वेत किंवा बँकेत लागावा, एवढीच अपेक्षा असे. नंतर डॉक्टर-इंजिनिअर आले, एमपीएससी-यूपीएससी आली. आज काटोल, नरखेड, कळमेश्वरकडची आठवी-नववीतली पोरे-पोरी सरळ विचारतात, "पायलट व्हायला किती पैसे लागतात?"

हा प्रश्न ऐकून हसण्यावारी नेण्याचे दिवस संपले. काटोलहून नागपूर साठेक किलोमीटर. तिथल्या सोनेगावच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. १९४९ साली टपालाची रात्रीची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री याच नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलत आणि पहाटेपूर्वी परतीला लागत. विमान आपल्या भागाला नवे नाही. नवे एवढेच, की आता आपली मुले त्याच्या पुढच्या खुर्चीत बसायचे म्हणतात. त्यांनी जरूर म्हणावे. पण या धंद्यात शिरताना घर गहाण पडण्याची वेळ येते. तेव्हा कौतुकाआधी कागद-पेन्सिल घेऊन बसणे भाग आहे.

पायलट होतो तरी कसा?

प्रवासी विमान चालवण्यासाठी लागणारा पहिला परवाना म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, थोडक्यात सीपीएल. तो देते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए हे दिल्लीतील सरकारी कार्यालय. कोणतीही अकादमी, कोणताही क्लब, कोणतेही विद्यापीठ हा परवाना देत नाही. ते फक्त शिकवतात. हे नीट लक्षात ठेवावे, कारण "आमच्याकडे पायलटची डिग्री मिळते" अशा जाहिरातींनी पुष्कळ पालक फसतात.

या परवान्यासाठी वय किमान १८ वर्षे लागते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असावे लागतात. ज्यांनी कला किंवा वाणिज्य शाखा घेतली, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून हे दोन विषय पुन्हा देता येतात. दार बंद होत नाही, वर्ष मात्र जाते.

त्यानंतर तीन गोष्टी पार कराव्या लागतात. पहिली, वैद्यकीय तपासणी. दुसरी, लेखी परीक्षा. यात विमान मार्गक्रमण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान असे पेपर असतात. उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ७० गुण लागतात. पस्तीसवर पास होण्याची सवय इथे चालत नाही. शिवाय रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना काढावा लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे २०० तासांचे प्रत्यक्ष उड्डाण. त्यापैकी १०० तास विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन उडवावे लागते. त्यात एका गावाहून दुसऱ्या गावी लांबचे उड्डाण, रात्रीचे उड्डाण आणि फक्त उपकरणांकडे पाहून केलेले उड्डाण, हे सगळे येते.

सीपीएल हातात पडले म्हणजे मोठे विमान हाती आले असेही नाही. दोनशे तास उडवलेले असते ते दोन-चार आसनांचे लहान विमान. एअरबस किंवा बोइंगसाठी त्या-त्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्यानंतर सहवैमानिक म्हणून नोकरी मिळते. पुढे १,५०० तासांचा अनुभव आणि वरच्या परीक्षा झाल्या की कॅप्टन होण्याचा मार्ग खुला होतो.

दर तासाला पंधरा हजार का?

आपल्याकडे शिकवणीच्या फीचा अंदाज सगळ्यांना असतो. उड्डाणाच्या फीचा आकडा ऐकला की मात्र डोळे पांढरे होतात. देशात सीपीएलपर्यंतचा खर्च ढोबळमानाने ४० ते ५५ लाख रुपये येतो. टाइप रेटिंगचे १२ ते २० लाख वेगळे. काही विमान कंपन्या निवड करून, शिक्षण देऊन नोकरीत घेण्याच्या 'कॅडेट' योजना चालवतात. त्यांचा एकूण खर्च एक कोटीच्याही वर जातो.

एवढा खर्च का येतो, हेही समजून घेतले पाहिजे. शिकाऊ विमान बहुधा परदेशातून आणलेले असते. त्यात जाते ते खास विमानाचे पेट्रोल. सेसना १७२ सारखे चार आसनी विमान तासाला तीसएक लिटर ते पिते. दर ठराविक तासांनी इंजिनची तपासणी करावीच लागते, सुटे भाग ठरलेल्या वेळी बदलावेच लागतात. विमा, धावपट्टीचे शुल्क आणि शेजारी बसणाऱ्या प्रशिक्षकाचा पगार हे सगळे त्याच तासाच्या दरात येते. तासाला पंधरा हजार धरले तरी २०० तासांचे ३० लाख नुसत्या उड्डाणाचे झाले.

यात न दिसणारा खर्च आणखी असतो. लेखी परीक्षांचे क्लास बहुतेक दिल्लीकडे. त्यांची फी, खोली आणि मेस मिळून दोन-तीन लाख जातात. अकादमी पंधरा-अठरा महिने सांगते. पण विमान दुरुस्तीला गेले, धुके पडले, पाऊस लागला, प्रशिक्षक सोडून गेला की तेच दोन-अडीच वर्षांवर जाते. तेवढे महिने वसतिगृह आणि जेवणाचा खर्च सुरूच राहतो.

आपल्या घरच्या वहीत हा आकडा कसा दिसतो?

समजा, एखाद्या एसटी कंडक्टरने किंवा कारखान्यातील कामगाराने मुलीसाठी ५० लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले. व्याज ११ टक्के, फेड १० वर्षांत. महिन्याचा हप्ता जवळपास ६९ हजार रुपये बसतो. दहा वर्षांत बँकेला परत जातात सुमारे ८२ लाख. मुदत वाढवून १५ वर्षे केली तर हप्ता ५७ हजारांवर येतो, पण एकूण परतफेड एक कोटीच्या वर जाते. शिवाय शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढतच असते. पूर्ण रक्कम उचलल्यावर ५० लाखांचे नुसते व्याज महिन्याला ४५ हजारांहून जास्त होते. आपल्यातील किती घरांचा सगळा पगार तेवढा आहे?

दुसरी अडचण तारणाची. साधारणतः साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका मालमत्ता तारण मागत नाहीत. त्यावरच्या रकमेला घर, प्लॉट किंवा जमीन लिहून द्यावी लागते. आपली पुष्कळ घरे नझूलच्या किंवा गावठाणातील जागेवर आहेत. अनेकांकडे मालकीचा धड कागद नाही. कुणाचे वावर वर्ग दोनचे आहे. म्हणजे ज्याच्याकडे आधीच मालमत्ता आहे, त्यालाच हे कर्ज सहज मिळते. आणि ज्याच्याकडे दोन खोल्यांचे एकच घर आहे, त्याला ते एकच घर डावावर लावावे लागते.

जागा राखीव, फी मात्र सगळ्यांना सारखी

सरकारची स्वतःची उड्डाण प्रशिक्षण संस्था उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे आहे. तिचे नाव इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी. स्थापना १९८५ची. तिथे लेखी परीक्षा, वैमानिक कल चाचणी आणि मुलाखत यांतून निवड होते. अलीकडच्या प्रवेशांत साधारण १२५ जागा असत, आणि १५ टक्क्यांच्या हिशेबाने त्यातील १९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. आपल्या मुलांनी या परीक्षेचा अर्ज भरलाच पाहिजे. पण तिथली फीही ४५ लाखांच्या घरात आहे. राहणे-जेवण वेगळे. आरक्षणाने दार उघडते. आत जायला जे भाडे लागते ते सर्वांना सारखेच आहे.

शिष्यवृत्तीचे काय? केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत सीपीएलचा अभ्यासक्रम पहिल्या गटात धरलेला आहे. तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या उच्च दर्जा शिक्षण योजनेच्या जुन्या नियमांत खाजगी फ्लाइंग क्लबसाठी विद्यार्थ्यामागे वर्षाला ३ लाख ७२ हजारांची कमाल मर्यादा घातलेली होती. ही रक्कम ५० लाखांशेजारी ठेवून पाहावी. योजनांची नावे ऐकून पालकांनी हुरळून जाऊ नये. नागपूरच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन तीन प्रश्न विचारावेत. ही संस्था मान्य यादीत आहे का? जास्तीत जास्त किती रक्कम मिळेल? ती फी भरायच्या आधी मिळेल की नंतर? उत्तर लेखी घ्यावे. राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त व विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज महात्मा फुले महामंडळामार्फत मिळते. त्याचे व्याज बँकेपेक्षा कमी असते. तिथेही हेच तीन प्रश्न विचारावेत.

कागदांच्या बाबतीत एक सांगायचे राहू नये. १९९० सालच्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत. मात्र केंद्रीय संस्थेला लागणारा दाखला केंद्राच्या नमुन्यात असावा लागतो. जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, ही तिन्ही कामे दहावी झाल्याबरोबर हाती घ्यावीत. प्रवेशाच्या आठवड्यात उपविभागीय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून काही हाती लागत नाही.

इतर राज्यांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. गुजरात सरकार अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पायलट प्रशिक्षणासाठी २५ लाखांपर्यंत कर्ज ४ टक्के व्याजाने देते. केरळने अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी 'विंग्ज' ही योजना काढली. आपल्याच नागपुरात महाज्योती या संस्थेने इतर मागास व भटक्या-विमुक्तांच्या निवडक उमेदवारांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल प्रशिक्षणाची योजना आखली. सरकारच्या मनात आले तर रस्ता निघतो, याचे हे दाखले आहेत. पूर्ण खर्चाची, थेट संस्थेला फी देणारी योजना अनुसूचित जातींच्या मुलांनाही मिळाली पाहिजे. ही मागणी प्रत्येक आमदारापुढे आणि समाजकल्याण मंत्र्यांपुढे निवेदनाच्या रूपाने गेली पाहिजे. एकट्या बापाने घर गहाण ठेवून हा प्रश्न सुटणार नाही.

विदर्भात शिकता येते का?

येते. गोंदियाजवळ बिरसी येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. विमानतळ प्राधिकरण आणि एका परदेशी कंपनीच्या भागीदारीतून ती उभी राहिली. नागपूर फ्लाइंग क्लब ही सरकारी आश्रयाखालची जुनी संस्था. विभागीय आयुक्त तिचे अध्यक्ष असतात. मध्यंतरी बरीच वर्षे तिची उड्डाणे बंद होती, अलीकडे ती पुन्हा सुरू झाली. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. त्याच विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. राज्यात बारामती आणि शिरपूर इथेही अकादमी आहेत.

संस्था निवडताना घराजवळ आहे एवढे पाहून चालत नाही. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेले शिकाऊ विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळले. त्यात प्रशिक्षक आणि एक विद्यार्थिनी दोघेही गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत एका आठवड्यात दोन अपघात झाले, तेव्हा तिथल्या एका अकादमीचे प्रशिक्षण डीजीसीएने थांबवले होते. हे सांगण्याचा उद्देश भीती घालण्याचा नाही. आकाशात चूक माफ होत नाही, म्हणून संस्थेची शिस्त तपासायला हवी. २०२५ पासून डीजीसीए उड्डाण शाळांची श्रेणी जाहीर करते. प्रवेशाआधी ती पाहावी. संस्थेकडे चालू स्थितीतील विमाने किती, विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती, आणि मागच्या तुकडीला २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले, हे तिथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारावे. ऑफिसमधल्या माणसाला विचारून उपयोग नाही.

नोकरीची हमी आहे काय?

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. पगार चांगला असतो यात वाद नाही. मोठ्या कंपनीत सहवैमानिकाला महिन्याला दीड ते अडीच लाख, कॅप्टनला पाच लाखांहून अधिक मिळतात. प्रशिक्षणार्थी काळात मात्र यापेक्षा बरेच कमी. प्रवासी विमान वयाच्या ६५ वर्षांपर्यंत चालवता येते.

मागणीही आहे. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. इतक्या मोठ्या ऑर्डरी आपल्या देशात पूर्वी कधी नव्हत्या. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. माणसे कमी असली की काय होते, हे सगळ्या देशाने पाहिले.

मग चिंता कशाची? चिंता अशी की या धंद्याला भरती-ओहोटी आहे. १९९०च्या दशकात खाजगी विमान कंपन्या निघाल्या. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त ही नावे त्या पिढीला आठवत असतील. दशक संपेपर्यंत त्या सगळ्या गेल्या. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, २०१९ मध्ये जेट एअरवेज, २०२३ मध्ये गो फर्स्ट. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा विमाने जमिनीवर उभी राहिली, वैमानिकांचे पगार कापले गेले, कित्येकांना बिनपगारी घरी बसावे लागले. एक कंपनी बुडाली की शेकडो अनुभवी वैमानिक एकदम बाजारात येतात. मग नुकताच २०० तास करून आलेला पोरगा रांगेत सर्वांत मागे उभा राहतो.

नव्या परवान्यांची संख्याही वाढते आहे. २०२२ मध्ये डीजीसीएने १,१६५ सीपीएल दिले, २०२३ मध्ये १,६२२. म्हणजे स्पर्धाही वाढली. परवाना मिळूनही वर्ष-दोन वर्षे वाट पाहणारी मुले पुष्कळ आहेत. आणि वाट पाहणेही फुकट नसते. दरवर्षी वैद्यकीय तपासणी, उपकरण उड्डाणाच्या चाचणीचे नूतनीकरण, हात सुटू नये म्हणून अधूनमधून उड्डाण, हा सगळा खर्च कमाई नसताना करावा लागतो. बँकेचा हप्ता त्याच वेळी सुरू होतो.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट बदलली आहे. एअर इंडिया सरकारी होती तेव्हा तिच्या भरतीत आरक्षण होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटा समूहाकडे गेली. खाजगी कंपनीच्या भरतीला आरक्षण लागू नाही. मुलाखतीत इंग्रजी, आत्मविश्वास आणि उड्डाणातला हात एवढेच बघितले जाते. म्हणून इंग्रजी बोलण्याची तयारी आठवीपासूनच सुरू झाली पाहिजे. त्याला पैसे लागत नाहीत, रोजचा अर्धा तास लागतो.

आधी स्वस्त पायऱ्या, मग महाग

या सगळ्या हिशेबाचे सार एका वाक्यात सांगता येते. ज्या पायऱ्यांना थोडे पैसे लागतात त्या सर्व आधी चढाव्यात, आणि घर गहाण ठेवण्याची पायरी सर्वांत शेवटी यावी. पुष्कळ पालक नेमके उलटे करतात. आधी अकादमीला पाच-दहा लाख भरतात आणि नंतर मुलगा वैद्यकीय तपासणीत नापास होतो. म्हणून क्रम असा ठेवावा.

पहिली पायरी, शरीर. डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून वर्ग दोनची तपासणी करावी. काही हजारांत ती होते. नंतर वर्ग एकची. ती हवाई दलाच्या किंवा मान्यताप्राप्त केंद्रात होते. चष्मा असला म्हणून मुलगा बाद होत नाही, चष्म्याने नीट दिसले पाहिजे. रंगांधळेपणा मात्र चालत नाही. आपल्या विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, आणि बौद्ध कुटुंबांत ते विशेष आढळते. मुलाची सिकलसेल तपासणी आधीच करून घ्यावी. अहवाल एएस असो वा एसएस, तो लपवू नये. विमान वैद्यकशास्त्राच्या डॉक्टरला दाखवून स्पष्ट सल्ला घ्यावा. लपवलेला आजार रक्ततपासणीत उघड होतो, आणि उंचीवर तो जिवावर बेतू शकतो.

दुसरी पायरी, परीक्षा. भौतिकशास्त्र, गणित आणि इंग्रजी पक्के असेल तर डीजीसीएचे पेपर घरी पुस्तके आणून, थोड्या मार्गदर्शनाने देता येतात. उड्डाण सुरू करण्याआधी निदान हवामानशास्त्र आणि हवाई नियम हे पेपर काढून टाकावेत. ७० टक्के मिळतात की नाही, यावरून मुलाची खरी आवड कळते. आवड टीव्हीवरची असेल तर ती इथेच ओसरते, आणि नुकसान काही हजारांवर थांबते.

तिसरी पायरी, निवड परीक्षा. फुरसतगंजची परीक्षा आणि विमान कंपन्यांच्या कॅडेट निवडी या दोन्हींत बसावे. तिथल्या कल चाचण्यांतून आपला मुलगा या कामाला कितपत योग्य आहे, हे दुसऱ्याच्या तोंडून कळते.

चौथी पायरी, करार. पूर्ण फी एकदम भरू नये. टप्प्याटप्प्याने, झालेल्या उड्डाणाच्या तासांप्रमाणे पैसे देण्याची अट लेखी घ्यावी. संस्था सोडल्यास किती परत मिळेल, तेही लेखी. "शंभर टक्के नोकरी" असे कुणी म्हणाले तर त्यालाच कागदावर सही करायला सांगावे. तो तिथेच गप्प होतो.

या चारही पायऱ्या पार झाल्यावर मगच कर्जाचा विचार. आणि तेव्हाही घरातील कमावत्या माणसाला, धाकट्या भावंडांना, आजीला सोबत बसवून. एकाच्या शिक्षणासाठी बाकीच्या दोघांची शाळा सुटू नये, एवढी खात्री आधी व्हावी.

पैसे न भरता आकाशात

असा एक रस्ता आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी होते. तो म्हणजे भारतीय हवाई दल. बारावीला भौतिकशास्त्र-गणित घेऊन यूपीएससीची एनडीए परीक्षा द्यावी. खडकवासल्याला तीन वर्षे आणि पुढे हैदराबादजवळ डुंडिगलच्या हवाई दल अकादमीत प्रशिक्षण होते. सगळा खर्च सरकारचा. शेवटच्या टप्प्यात महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतनही मिळते. २०२२ पासून मुलीही एनडीएत शिकत आहेत. पदवीनंतर अ‍ॅफकॅट परीक्षेतूनही जाता येते. इथे जातीचे आरक्षण नाही. तयारीवरच जावे लागते. वैमानिक कल चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून पूर्ण तयारीनेच जावे. या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, आणि नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था २०२३ पासून सुरू झाली. दहावीच्या वर्षातच तिचा अर्ज निघतो, हे विसरू नये.

विमानाशी नाते जोडायचे म्हणजे ते चालवलेच पाहिजे असेही नाही. विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रक होता येते. भौतिकशास्त्र-गणितासह बी.एस्सी. पुरते. भरती सरकारी, म्हणून आरक्षणही आहे. वेतनश्रेणी ४० हजार मूळ पगारापासून सुरू होते. विमान दुरुस्तीचे इंजिनिअर होण्याचा डीजीसीएचा परवाना काही लाखांत मिळू शकतो. नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीचा मोठा कारखानाच उभा आहे.

मुलींसाठी वेगळे दोन शब्द

भारतात वैमानिकांमध्ये महिलांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के आहे. जगात ते याच्या निम्मेही नाही. तेव्हा "पोरीला एवढा खर्च कशाला?" असे म्हणण्याआधी थांबावे. विमानाला चालवणारा पुरुष आहे की बाई, हे कळत नाही. त्याला फक्त हात कळतो. पोराच्या हिशेबात आणि पोरीच्या हिशेबात एकच वही वापरावी.

आपल्या मुलांनी वैमानिक व्हावे. काटोलच्या शाळेतून निघालेली मुलगी उद्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर विमान उतरवील, यात अशक्य काही नाही. पण ज्या घरातून ती उडेल, ते घर तिच्या आईबापाच्या नावावर शाबूत राहिले पाहिजे. येत्या रविवारी वस्तीत बैठक घ्यावी. दहावी-बारावीची मुले आणि पालक दोघांनाही बोलवावे. वरचे आकडे फळ्यावर मांडावे. आणि समाजकल्याण खात्याला द्यायच्या निवेदनावर तिथेच सह्या घ्याव्या.